घरातल्या बंदुकीचं कुलूप आणि आखाजीचा दोर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातपुड्यापलीकडून आलेले गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपल्या पेपरात नेहमी असतात. त्या यायलाच हव्यात. पण आमच्या चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात रीतसर परवान्याच्या बंदुकाही घरोघरी नसल्या तरी बऱ्याच घरांत आहेत. त्या घरात कशा ठेवतात, त्यांना कुलूप कोणतं लावतात, यावर मी आजवर एक ओळ वाचलेली नाही. म्हणून हे पत्र.

मी केळी लावणारा शेतकरी, वय ६३. वडिलांची बारा बोअरची दुनळी त्यांच्यामागे माझ्या नावावर झाली. नवी लागवड झाली की रानडुकरं रात्रीतून कंद उकरून टाकतात, एका रात्रीत दोन-तीन ओळी जातात. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, ते मी कधी केलं नाही. हवेत एक बार काढला की कळप नाल्याकडे पळतो, एवढाच त्या बंदुकीचा उपयोग. वर्षातून दहा-बारा रात्री. बाकीचे साडेतीनशे दिवस ती घरात असते, आणि या साडेतीनशे दिवसांचा विचार मी चाळीस वर्षांत केला नव्हता.

३० एप्रिल २०२५, आखाजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. दोन्ही मुली माहेरी आलेल्या, चार नातवंडं, अंगणातल्या निंबाला झोका बांधायचा होता. दोर मागच्या खोलीत, आणि त्या खोलीची चावी देवघराशेजारच्या देवळीत (कोनाड्यात), जुडग्यात. त्याच जुडग्यात मोटारीच्या खोलीची, धान्याच्या कोठीची आणि बंदुकीच्या कपाटाचीही चावी. मोठीचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला कोणी तरी सांगितलं, जा, दोर काढून आण. तो गेला आणि बराच वेळ आला नाही, म्हणून मी मागे गेलो.

कपाट उघडं होतं. पोरगा जमिनीवर मांडी घालून बसला होता, बंदूक मांडीवर आडवी. मी साफ करताना जशी खटका सरकवून मोडतो, म्हणजे मधून वाकवून उघडतो, तशीच त्याने ती मोडली होती. बघून बघून शिकला होता. काडतुसांचा पुठ्ठ्याचा डबा गुडघ्याशी आणि एक लाल काडतूस हातात. मला पाहून दचकला नाही, उलट विचारलं, "आबा, ही लाल कांडी इथंच बसते ना?"

मी त्याला ओरडलो नाही. काडतूस घेतलं, बंदूक घेतली, त्याला बाहेर पाठवलं आणि तिथंच बसून काडतुसं मोजली. एक कमी भरलं. पुढचा अर्धा तास आयुष्यात विसरणार नाही. ते सापडलं गौराईपुढे. धाकटीच्या पाच वर्षांच्या मुलीने ते सांजोऱ्यांच्या ताटलीत उभं करून ठेवलं होतं, पितळी बूड वर आणि त्यावर कुंकवाचा ठिपका.

रात्री घरात बोललो तेव्हा माझं डोकं कुलपावरच अडलं होतं. उद्याच जळगावला जातो, मोठं कुलूप आणतो, असं म्हणालो. आमच्या मंडळींचं बोलणं अहिराणीतलं. त्या म्हणाल्या, "कितलं बी मोठं कुलूप आना, चावी ते देवळीमाच शे ना!"

त्याच्या आदल्या वर्षीची आखाजी १० मे २०२४ ची. तेव्हा लोकसभेची आचारसंहिता होती, आमचं मतदान १३ मेला. बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती आणि पावती माझ्या खिशात. तेव्हा घरात चारही पोरं दिवसभर हुंदडत होती. ती आखाजी किती निर्धास्त गेली, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

नातवाच्या त्या प्रसंगानंतर सहा-सात महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो. जे कळलं ते सांगतो. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी आपल्या घराशी ताडून पाहावं.

पहिली तपासणी कपाटाची. आमचं साधं पत्र्याचं कपाट, हँडलला किल्ली असलेलं. असल्या कपाटांच्या चाव्यांचे प्रकार थोडेच असतात, असं एका कुलूपवाल्याने सांगितलं. खरं वाटेना. म्हणून भाऊबंदांच्या घरांतल्या कपाटांच्या ११ चाव्या गोळा करून आणल्या आणि एकेक लावून पाहिली. सातवी चावी लागली. माझ्या चुलत वहिनीच्या साड्यांच्या कपाटाच्या चावीने माझं बंदुकीचं कपाट उघडलं. आपल्याही घरी हा प्रयोग करून पाहा, पैसा लागत नाही.

मग कपाटाला बाहेरून कडी-कोयंडा लावून सात लिव्हरचं कुलूप घातलं. लिव्हर म्हणजे कुलपाच्या आतल्या पट्ट्या. त्या जितक्या जास्त तितकी दुसरी चावी लागण्याची शक्यता कमी, हे बरोबर. पण गावातल्या मिस्त्रीने कोयंडा चार स्क्रूंवर बसवला आणि ते स्क्रू बाहेरून दिसत होते. कुलपाला हात न लावता पेचकसाने दोन मिनिटांत कोयंडाच निघतो. तो आरपार बोल्टने बसवून, नट आतून घेऊन वेल्डिंग करून घ्यावा लागला. कुलपाची दांडीही आखूड आणि जाड हवी. लांब दांडीत पहार अडकवता येते.

आणि कपाट भिंतीला जखडलेलं हवं, नाहीतर चोर कपाटच उचलून नेतो. इथे आमच्या जुन्या धाब्याच्या घरांची अडचण आहे. मातीच्या भिंतीत अँकर बोल्ट धरत नाही, हाताने ओढला तरी माती घेऊन बाहेर येतो. मी कोपऱ्यात दोन फुटांचा सिमेंट काँक्रीटचा ओटा ओतून घेतला, त्यात बोल्ट आधीच उभे केले आणि कपाट त्यावर आवळलं. ज्यांच्या घरात सागाचे खांब आहेत त्यांनी खांबाला जखडलं तरी चालेल.

आता खुद्द बंदुकीचं कुलूप. मी आधी चापाचं कुलूप आणलं, दोन टिकल्या असतात, त्या चापाच्या कडीवर दोन्ही बाजूंनी बसतात आणि मधला खिळा आरपार जातो. दिसायला भक्कम. पण माझ्या दुनळीला दोन चाप, पुढे-मागे. कुलूप नीट आवळलं जाईना. रिकाम्या बंदुकीवर लावून ते मागे दाबून पाहिलं, तर आतून टक् असा आवाज आला. घोडा पडला होता. म्हणजे कुलूप लावलेलं असतानाही बंदूक उडू शकत होती. हे कुलूप वाईटच असतं असं मी म्हणत नाही, ज्या बंदुकीवर ते घट्ट बसतं तिथे कामाचं आहे. पण भरलेल्या बंदुकीवर ते कधीच लावू नये, आणि आपल्या बंदुकीवर बसतं का हे रिकामी करून, दोनदा पाहून, मगच ठरवावं.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तो दिवाळीत आला तेव्हा त्याने तारेचं कुलूप आणलं. बोटाएवढ्या जाडीची पिळाची तार, वरून प्लास्टिकचं आवरण, टोकाला लहान कुलूप. बंदूक मोडायची, तार मागून एका नळीत घालायची, तोंडातून बाहेर काढायची आणि दोन्ही टोकं कुलपात अडकवायची. तार मध्ये असल्यामुळे बंदूक मिटतच नाही. मिटली नाही तर बार निघत नाही, दुसऱ्या नळीत कोणी काडतूस घातलं तरी. लांबून पाहणाऱ्यालाही दिसतं की ही बंदूक बंद आहे. तिकडे बऱ्याच पोलीस ठाण्यांत ही कुलपं फुकट मिळतात, आणि २००५ च्या कायद्याप्रमाणे दुकानदाराला पिस्तूल विकताना असं सुरक्षेचं साधन सोबत द्यावंच लागतं, असं तो म्हणाला. ज्या देशात बंदुका उदंड, त्यांनाही ही गरज वाटली.

तार नसेल तर दुनळीला आणखी एक उपाय आहे. तिचे तीन तुकडे होतात, नळी, पुढची लाकडी मूठ आणि दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा मागचा भाग. नळी एका कपाटात, दस्ता दुसऱ्यात. हे मला वडिलांनी शिकवलं होतं, मी आळसाने सोडून दिलं होतं.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीचं वेगळं आहे. तिची नळी मागून बंद, तार आरपार जात नाही. तिला कपाटाशिवाय गत नाही. बार पेटवणाऱ्या टोप्या मात्र बंदुकीपाशी ठेवू नयेत, वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात. आणि मुख्य धोका हा की ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. हंगामात भरून ठेवलेली बंदूक महिनोन्‌महिने तशीच कोपऱ्यात उभी असते. माझा एक चुलतभाऊ फार चांगली रीत पाळतो. रिकाम्या नळीत ठासायचा गज तळाला टेकला की नळीचं तोंड जिथे येतं, तिथे त्याने गजावर कानशीने खाच पाडली आहे. गज टाकल्यावर खाच नळीच्या तोंडाबाहेर राहिली, की आत बार आहे. तोंडावर चेहरा न आणता पाहायचं.

आकड्यांच्या कुलपाबद्दल बरेच जण विचारतात, चावीची कटकट नको म्हणून. तीन आकड्यांच्या कुलपाचे सगळे मिळून १००० जोड होतात. एका जोडाला तीन सेकंद धरले तर ५० मिनिटांत संपतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार, बाहेर ४४-४५ डिग्री ऊन, आणि घरात बसून कंटाळलेलं दहा वर्षांचं पोर. त्याला ५० मिनिटं म्हणजे काहीच नाही. चार आकड्यांचं घेतलं तर १०,००० जोड होतात, ते बरं. मात्र आकडा नातवाचा जन्मदिवस नको, ट्रॅक्टरचा नंबर नको.

बोटाच्या ठशावर उघडणारी पेटीही मी पाहून आलो. आमच्यासाठी ती नाही. केळीच्या चिकाने आणि मातीने आमची बोटं गुळगुळीत झाली आहेत. रेशन दुकानात मशीन माझा अंगठा तिसऱ्या-चौथ्यांदा घेतं, कधी घेतच नाही. रात्री दोन वाजता डुकरं केळीत शिरल्यावर पेटीपुढे अंगठा पुसत कोण बसणार?

काडतुसं आता वेगळ्या खोलीत, भिंतीत बसवलेल्या लहान लोखंडी पेटीत असतात. वेगळं कुलूप, वेगळी चावी. पत्र्याखालच्या खोलीत किंवा फवारणीच्या औषधांच्या डब्यांशेजारी ती ठेवू नयेत. बंदूकही रेक्झिनच्या खोळीत घालून कपाटात ठेवू नये, पावसाळ्यात आत दमट राहून नळीला गंज धरतो. कुलपात तेल ओतायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, त्याने धूळ चिकटून लिव्हर अडकतात. पेन्सिलच्या शिशाची पूड फुंकावी.

आणि चावी. दोन्ही चाव्या माझ्या करदोड्याला असतात, अंघोळीलाही. पहिले पंधरा दिवस बोचत होत्या, आता कळतही नाहीत. दुसरा जोड बँकेच्या लॉकरमध्ये पाकिटात बंद आहे. घरात तिसरी चावी नाही, आणि बायको-मुलांना हे माहीत आहे. परवाना माझा एकट्याचा आहे, म्हणून चावीही माझ्या एकट्याची. मला काही झालं तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, हे एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून मंडळींना दाखवून ठेवलं आहे.

कायद्यात हे सगळं नाही असं नाही. परवान्याच्या अर्जातच आपण शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी देतो. परवान्याची अट मोडली तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण माझ्या आजवरच्या नूतनीकरणांत मला कोणी विचारलं नाही की कपाट कसं आहे, कुलूप कोणतं, चावी कुठे असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांनी नवा करायचा असतो, म्हणजे विचारायची वेळ आणखी लांबली. पीकसंरक्षणासाठी बंदूक बाळगणारे आम्ही बहुतेक पन्नाशी-साठीचे, घरात नातवंडं असलेले लोक. आम्हाला धाक नको, दाखवणारा माणूस हवा. निवडणुकीत आम्ही सगळे बंदुका घेऊन ठाण्यात रांगेत उभे असतो. परत देताना प्रत्येकाला दहा मिनिटं बसवून तारेचं कुलूप कसं घालायचं एवढं दाखवलं तरी पुष्कळ होईल. बंदूक विकणाऱ्या दुकानदारानेही बंदुकीला बसणारं कुलूप सोबतच द्यावं, आणि ते बसतं हे तिथेच लावून दाखवावं. जिल्हा प्रशासनाने यात लक्ष घालावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आखाजी पुन्हा जवळ आली आहे. दोन्ही मुलींचे फोन येऊन गेले, सगळी पोरं येणार आहेत. झोक्याचा दोर मी कालच मागच्या खोलीतून काढला, उन्हात टाकून झटकला आणि ओसरीतल्या खुंटीला अडकवून ठेवला आहे.

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी,
ता. चोपडा, जि. जळगाव

ता. क. : कोणाच्या घरात बंदूक आहे हे गावभर होऊ नये, म्हणून नाव व गाव छापू नये ही विनंती.