हाफ प्लेट का बंद केली?

महोदय,

मे महिन्यात इकडे ऊन मी म्हणत असताना मुलीने आम्हा दोघांना स्पेनला नेले. दक्षिण किनाऱ्यावर मालागा शहर आहे. तिथल्या पेद्रेगालेखो या कोळ्यांच्या जुन्या वस्तीत समुद्राला लागून ओळीने छोटी हॉटेले आहेत. आम्ही नागपूरच्या सवयीने साडेबारालाच हजर, तर पोरगा अजून खुर्च्याच मांडत होता. तिकडचे दुपारचे जेवण दोननंतर.

मेन्यूकार्डात पदार्थापुढे तीन-तीन भाव. तापा म्हणजे चार घास, मग अर्धी प्लेट, मग पूर्ण. जावई धरून आम्ही चौघे. अर्ध्या-अर्ध्या प्लेटा मधोमध ठेवल्या आणि ज्याने त्याने हात घातला. बाहेर वाळू भरलेल्या जुन्या होडीत ऑलिव्हच्या लाकडांचा विस्तव होता. वेळूच्या कामट्यांत ओवलेल्या तारल्या त्याच्या कडेने वाळूत उभ्या खोचलेल्या. वर फक्त जाडे मीठ. मी सावजीवर पोसलेला माणूस, पण चार कामट्या कधी संपल्या कळले नाही. खायचे हातानेच, हे एक बरे.

सौ. शाकाहारी. तिच्यापुढे वांग्याचे तळलेले काप आले, वरून काळपट गोड धार. बोट लावून चाखले आणि म्हणाली, "अहो, ही तर काकवी!" काकवीच होती. अरबांनी त्या भागात ऊस नेला, आणि जवळच्या फ्रिखिलियाना गावात आजही ती तयार होते. उकडलेले बटाटे, खारवलेला मासा आणि चक्क संत्र्याच्या फोडी अशीही एक कोशिंबीर होती. संत्रानगरीत राहून आपल्याला हे सुचू नये!

बिल झाले ४४ युरो. माणशी हजार-अकराशे रुपये, पावाचे पैसे धरून. नळाचे पाणी फुकट. २०२२ च्या कायद्यानुसार मागितले की द्यावेच लागते. आपल्याकडे बसतो न बसतो तोच बाटलीचे बूच फिरवतात.

परत आल्यावर वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात गेलो. दोघेच होतो. पाटोडी-रस्सा, भरली वांगी आणि वडाभात, तिन्ही खायची इच्छा. हाफ प्लेट मागितली तर वेटर म्हणतो, "बंद केली काका. फुल घ्या ना, उरलं तर पार्सल करून देतो." भिंतीवर पाटी, एका थाळीत दोघांनी जेवू नये. थाळीचे समजू शकतो, ती पोटभर असते. पण मोजून वाढलेल्या भाजीला कसली आडकाठी? अर्ध्या प्लेटीलाही गॅस आणि माणूस तेवढाच लागतो, हे मालकांचे म्हणणे मान्य. म्हणूनच तिकडेही ती बरोबर निम्म्या भावात मिळत नाही, थोडी चढीच पडते. आम्हीही तेवढे देऊ. मेन्यूकार्डात एक रकाना तेवढा वाढवा.

त्या रात्रीची वांगी दुसऱ्या दिवशी दुपारी गरम करून संपवली. वडाभात राहिलाच.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर, नागपूर