यादी गेली, आता समीक्षणाचे कागद मागा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या) प्रस्तावात शोधनिबंधासोबत समीक्षणाची (छापण्याआधी तज्ज्ञांनी निबंध तपासल्याची) कागदपत्रे जोडणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

मान्य जर्नलची यूजीसी-केअर यादी बंद केल्याची सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढली. जर्नलची पारख करण्याचे काम आता विद्यापीठे आणि महाविद्यालयांकडे आले आहे. सोबत निकष दिलेले आहेत, पण ते केवळ सुचवलेले आहेत. सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा, जत इथल्या सामाजिक शास्त्रांच्या विभागांत तेव्हापासून एकच विचारणा चालू आहे : पेपर आता कुठे छापला तर चालेल? उत्तर म्हणून विद्यापीठांनी आपापल्या याद्या कराव्यात, असा सूर निघतो आहे. तसे होऊ देऊ नये, ही या पत्रातली पहिली विनंती.

कारण हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलची यादी जाहीर केली, तेव्हा तिच्यात ३८ हजारांहून अधिक नावे होती. त्यातली काही हजार विद्यापीठांच्या शिफारशीने आली होती. पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठातील अभ्यासकांनी याच शिफारस झालेल्या भागातली १,००९ जर्नल तपासली. ३४.५ टक्के जर्नल प्राथमिक निकषांतच बाद झाली : पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांपैकी काही ना काही नव्हते किंवा चुकीचे होते. आणखी ५२.३ टक्के जर्नलनी आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक), इम्पॅक्ट फॅक्टर (उद्धरणांवरून काढलेला निर्देशांक) किंवा संपादकांबाबत खोटी वा संशयास्पद माहिती दिली होती. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ जर्नल यादीतून काढली आणि पुढच्या वर्षी केअर यादी आली. केअर आल्यावर बाजाराने नवी वाट काढली. यादीतल्या, बहुतेक वेळा केवळ छापील निघणाऱ्या जर्नलचे नाव आणि आयएसएसएन उचलून हुबेहूब संकेतस्थळ उभे करायचे आणि त्यावर पैसे घेऊन पेपर टाकायचे. यादी कोणाचीही असो, तिच्यात शिरण्याचा आणि तिची नक्कल करण्याचा धंदा तिच्यामागून येतोच.

आता मूळ कारणाकडे येतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे एकट्याने लिहिले तर १०, दोघांनी लिहिले तर ७ आणि ७, एकूण १४. दोन सहकाऱ्यांनी आपापला एकेक निबंध लिहून त्यावर एकमेकांची नावे घातली, की दोघांच्याही खात्यात १० ऐवजी १४ गुण जमा होतात. तिसरे नाव घातले तर मुख्य लेखकाचे ७० टक्के तसेच राहतात आणि इतर दोघांना प्रत्येकी ३० टक्के मिळतात. म्हणजे विभागप्रमुखांचे किंवा मार्गदर्शकांचे तिसरे नाव घालायला मुख्य लेखकाचे काहीच जात नाही. महाविद्यालयातल्या सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. त्यामुळे २०० कुटुंबांच्या एका पाहणीतून शिक्षणावर एक, कर्जावर एक, स्थलांतरावर एक असे तीन-चार पातळ निबंध निघतात, आणि त्या पाहणीतून एक भक्कम निबंध लिहिणारा अभ्यासक मात्र गुणांत मागे पडतो. ही टक्केवारी केंद्रीय नियमावलीतली आहे, ती आपण बदलू शकत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. पण राज्याने ती ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केली आहे, आणि कॅसच्या प्रस्तावासोबत कोणता पुरावा जोडायचा हे पूरक निर्णयाने ठरवणे आपल्या खात्याच्या हाती आहे. आज तो पुरावा म्हणजे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि निबंधाची झेरॉक्स. यातून निबंध छापला गेला एवढेच कळते. छापण्याआधी तो कोणी वाचला का, हे कळत नाही. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात नमुना हातात घेतल्याशिवाय बोली लागत नाही. इथे पोत्यावरचा शिक्का पाहून भाव दिला जातो.

खरे समीक्षण कसे चालते, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण आमची मागणी त्यातूनच निघते. निबंध आला की संपादक आधी स्वतः वाचतो. विषयाबाहेरचा किंवा अर्धाकच्चा असेल तर तिथूनच परत जातो. पुढे जाणाऱ्या निबंधातून लेखकाची ओळख काढायची असते. नाव तर काढायचेच, शिवाय ‘माझ्या आधीच्या अभ्यासात’ अशी वाक्ये, आभार, निधीचा उल्लेख आणि वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये राहून गेलेले नावही काढायचे. हे शेवटचे फार वेळा राहते. मग किमान दोन समीक्षक शोधायचे : लेखकाच्या संस्थेतले नकोत, त्याचे मार्गदर्शक नकोत, अलीकडचे सहलेखक नकोत. मराठीत लिहिणाऱ्या समाजशास्त्रज्ञांचे वर्तुळ लहान आहे. माण तालुक्यातल्या चारा छावण्यांवरचा निबंध कोणाचा, हे नाव काढले तरी जवळच्या माणसाला ओळखता येते. म्हणून एक समीक्षक विभागाबाहेरचा हवा. काहीजण नकार देतात, काहीजण होकार देऊन गप्प बसतात. अहवाल, लेखकाची दुरुस्ती, दुसरी फेरी हे सगळे धरले तर चार ते सहा महिने सहज जातात.

आणि अहवालात असते काय? समजा, जत तालुक्यातल्या स्थलांतरावर निबंध आहे आणि पाहणी डिसेंबरात केलेली आहे. जाणता समीक्षक पहिलाच प्रश्न विचारतो : ऊसतोडीला गेलेली कुटुंबे त्या महिन्यात गावात नव्हती, मग कुलूपबंद घरांचे काय केले? ती वगळून शेजारची घरे घेतली असतील, तर ज्यांचा अभ्यास करायचा तेच नमुन्यातून निघून गेले आणि स्थलांतराचा आकडा खाली आला. दुसरा प्रश्न : गावे कशी निवडली, की ओळखीचा सरपंच असलेली घेतली? तिसरा : २०० उत्तरदाते असताना तक्ता तीनमध्ये बेरीज १८७ का? चौथा : काय-वर्ग या संख्याशास्त्रीय चाचणीतल्या किती रकान्यांत अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी आहे? पाचवा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. गावाचे नाव बदलले, पण ‘तालुक्यातील एकमेव विधवा महिला सरपंच’ असे लिहिले, तर त्या बाईंनी विश्वासाने सांगितलेले आख्ख्या पंचक्रोशीला कळते. त्यांची संमती कशी घेतली होती? वैद्यकीय संशोधनाला नीतिसमितीची परवानगी लागते. आमच्याकडच्या कला महाविद्यालयांत, कोयना प्रकल्पग्रस्तांपासून धरणाखालच्या गावांपर्यंत दुखऱ्या विषयांवर मुलाखती घेतल्या जात असताना, अशी समिती क्वचितच आढळते.

खोटे समीक्षण यापुढे ठेवून पाहा. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, नोंदणी शुल्कातच प्रकाशन, आणि उद्घाटनाच्या सकाळी फोल्डरसोबत हातात पडणारा ‘पीअर रिव्ह्यूड’ (म्हणजे समीक्षण झालेला) विशेषांक. त्यात प्राणिशास्त्रापासून ग्रामीण कवितेपर्यंत शंभरावर निबंध. निबंध मागवण्याची शेवटची तारीख आणि चर्चासत्राची तारीख यांत जेमतेम तीन आठवडे. एवढ्या अवधीत समीक्षण होऊ शकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातींचा : दोन दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्र मोफत. याला मोठ्या प्रकाशकांचे कोंदण असले तरी फरक पडत नाही. वायलीच्या मालकीच्या हिंदावी प्रकाशनाला २०२३ मध्ये आठ हजारांवर निबंध मागे घ्यावे लागले, आणि त्यांतले बहुतेक विशेषांकांतले होते. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन संस्थेला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. समीक्षणाबद्दल फसवे दावे करणे हा त्यातला एक आरोप होता.

आयएसएसएनवर छाननी समित्या फार विसंबतात, म्हणून एक खुलासा करतो. तो केवळ ओळखक्रमांक आहे. दिल्लीहून तो विनामूल्य मिळतो आणि त्याचा दर्जाशी संबंध नाही. तो बनावट आहे का, हे मात्र दोन मिनिटांत पडताळता येते. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा, तिला ११ ने भागा आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करा. येईल तो आठवा अंक (१० आल्यास एक्स, बाकी शून्य असल्यास शून्य). जुळला नाही तर क्रमांक खोटा. जुळला तर तो कोणत्या नावावर नोंदला आहे ते आयएसएसएनच्या पोर्टलवर पाहावे. डीओआयचेही (निबंधाच्या डिजिटल ओळखक्रमांकाचेही) तेच : स्वतःची फाइल चढवून कोणालाही तो मिळवता येतो.

साम्य तपासणीच्या टक्केवारीवरही असाच भाबडा विश्वास आहे. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी विनियमांत १०, ४० आणि ६० टक्के अशा पायऱ्या आहेत. पण श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी निबंध सॉफ्टवेअरला अक्षरशः वाचताच येत नाही. पडद्यावर मराठी दिसते, आत रोमन अक्षरांची खिचडी असते, आणि अहवालात साम्य शून्य टक्के येते. इंग्रजी निबंधाचा मराठी अनुवाद स्वतःच्या नावावर खपवला तरी तो सहसा निसटतो. मराठी निबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत, एवढ्या एका अटीने यातला निम्मा प्रश्न सुटेल. उरलेला अर्धा माणसाच्या वाचनानेच सुटणार.

तेव्हा आमची मागणी अशी. ठरावीक तारखेनंतर जर्नलला पाठवलेल्या प्रत्येक शोधनिबंधासोबत प्रस्तावात चार गोष्टी जोडाव्यात : निबंध मिळाल्याची, सुधारित प्रत मिळाल्याची आणि स्वीकृतीची तारीख दाखवणारा पत्रव्यवहार, समीक्षकांचे नाव वगळून त्यांचे अहवाल, त्या अहवालांना लेखकाने मुद्देनिहाय दिलेले उत्तर, आणि पहिली व अंतिम प्रत. सहलेखक असतील तर कोणी काय काम केले याचे सर्वांच्या सहीचे एक पान. अर्जदाराने आपले तीन निबंध निवडावेत, विषयतज्ज्ञांनी ते आधी वाचून यावे आणि त्यावर वीस मिनिटे प्रश्न विचारावेत. जुन्या निबंधांना हे लावू नये. ज्यांच्याकडे जुने कागद नाहीत त्यांच्यावर तो अन्याय होईल.

आक्षेप येतील. अहवाल गोपनीय असतात, हे खरे. म्हणून जर्नलची अनुमती घ्यावी आणि समितीनेही ते गोपनीय ठेवावेत. प्रामाणिक संपादक सहसा नकार देणार नाही. अहवाल बनावट करता येतील, हेही खरे, आता तर एआयने काही सेकंदांत. म्हणून सहसंचालक कार्यालयाने चिठ्ठ्या टाकून काही निबंधांबाबत संपादकाकडे थेट विचारणा करावी. बनावट अहवाल सापडला तर तो दर्जाचा वाद राहत नाही. ते कागदपत्रांतले खोटेपण ठरते आणि त्यावर कारवाईचा रस्ता स्पष्ट आहे.

समीक्षण बिनचूक असते, असा आमचा दावा नाही. पीटर्स आणि सेसी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसशास्त्राचे आधीच छापून आलेले १२ निबंध, लेखक व संस्थांची नावे बदलून, त्याच जर्नलकडे पुन्हा पाठवले होते. तीनच ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले. २०१५ मध्ये ‘सायन्स’ने मतपरिवर्तनावरचा एक गाजलेला निबंध मागे घेतला. ज्या संस्थेने पाहणी केल्याचे सांगितले होते तिने तसे काम केलेच नव्हते, आणि समीक्षकांना ते कळले नव्हते. दुसऱ्या संशोधकांनी तीच पाहणी पुन्हा करायला घेतली तेव्हा गोष्ट उघड झाली. म्हणून भरलेल्या प्रश्नावल्या आणि कच्ची माहिती, नावे काढून, विभागात किमान पाच वर्षे जपून ठेवावी. निबंध पुढे मागे घेतला गेला तर मिळालेले गुण काढून घेण्याची तरतूदही त्याच निर्णयात असावी.

एक विनंती मराठी नियतकालिकांसाठी. याच सातारा जिल्ह्यात वाईला विश्वकोशाच्या नोंदी तज्ज्ञांच्या नजरेखालून घालून छापण्याची शिस्त दिसली आहे, आणि वाईच्याच प्राज्ञपाठशाळा मंडळाच्या ‘नवभारत’ने गंभीर वैचारिक लेखन चालू ठेवले. अशा नियतकालिकांकडे पैसा नसतो, समीक्षक मिळत नाहीत. समीक्षणाचे काम प्राध्यापकाच्या कार्यभारात आणि मूल्यमापनात धरले, तर समीक्षक मिळतील. त्याला वेगळा निधी लागत नाही. नाहीतर वर सांगितलेल्या अटी पेलण्याची ताकद फक्त महागड्या इंग्रजी जर्नलकडे उरेल आणि जतच्या माणसाबद्दलचे संशोधन जतच्या माणसाला वाचता येणार नाही.

सुरुवात कोल्हापूर विभागाच्या सहसंचालक कार्यालयापासून, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरती, फक्त सामाजिक शास्त्रांसाठी करता येईल. पूरक शासन निर्णयासाठी लागणारा तपासणी तक्ता, सहलेखकांच्या सहीचा नमुना आणि संपादकाला पाठवायच्या विचारणापत्राचा मसुदा आम्ही तयार करून देऊ. पुढच्या कॅस शिबिरापूर्वी खात्याने आम्हाला वेळ द्यावा.

कळावे,

आपले,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील सामाजिक शास्त्रांचे प्राध्यापक, समीक्षक आणि संपादक