रॅमच्या जोड्या आणि त्यांच्या जागा

लातूर,
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि संगणकाच्या आतले फोटो मिळाले. तुळशीची लग्ने लागली की परभणीतल्या तुझ्या छापखान्यात पत्रिकांची रीघ लागणार, आणि कोरलड्रॉ, फोटोशॉप एकाच वेळी उघडून फ्लेक्सची मोठी फाईल हाताळायला ८ जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवायची जागा, अपुरी पडणार, हे उघडच आहे. परंतु '१६ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) घ्या आणि रिकाम्या स्लॉटमध्ये (पट्टीच्या खोबणीत) बसवा' हा दुकानदाराचा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. रॅम किती आहे याइतकेच ती कोठे बसवली आहे याला महत्त्व असते, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझा प्रोसेसर आय-फाइव्ह ८४०० आहे. त्यात रॅमसाठी दोन चॅनेल, म्हणजे माहिती जाण्यायेण्याचे दोन मार्ग, असतात. डीडीआर४ या पिढीची रॅम २६६६ च्या वेगाने चालली तर एका चॅनेलमधून सेकंदाला सुमारे २१ जीबी माहिती जाऊ शकते आणि दोन्ही चालू असतील तर जवळजवळ दुप्पट. दोन मोटांच्या विहिरीवर दोन्ही बैलजोड्या एकाच मोटेला जुंपल्या आणि दुसरी मोट कोरडीच टांगून ठेवली, तर पाणी एकाच मोटेचे मिळेल. तुझ्या संगणकात नेमके तेच झाले आहे. फोटोत ४ जीबीच्या दोन्ही स्टिक प्रोसेसरजवळच्या पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये दिसतात, आणि बहुतेक मदरबोर्डांवर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डांवर) हे दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे असतात. ज्याने संगणक जोडला त्याने जागा पाहिल्या नाहीत. तुझ्याकडे वेगळे ग्राफिक कार्डही नाही, त्यामुळे पडद्यावरचे चित्रसुद्धा याच रॅममधून चालते आणि या अडवणुकीचा त्रास तुला अधिक होतो.

माझे मत असे की ८ जीबीच्या दोन सारख्या स्टिक एकाच पाकिटातल्या घ्याव्यात आणि प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. बोर्डावर या जागांजवळ बहुधा ए२ आणि बी२ अशी अक्षरे छापलेली असतात. दुसरा आणि चौथाच का, तर अनेक बोर्डांवर प्रत्येक चॅनेलची तार आधी जवळच्या स्लॉटला लागून पुढे लांबच्या स्लॉटपाशी संपते. लांबचे टोक मोकळे राहिले तर तेथून संकेत परावर्तित होऊन गोंधळ करतात. तरीही शेवटचा शब्द बोर्डाच्या पुस्तिकेचा, कारण काही कंपन्या क्रम वेगळा ठेवतात.

जुन्या स्टिकही ठेवायच्या असतील तर त्या पहिल्या व तिसऱ्या स्लॉटमध्ये जातील, म्हणजे दोन्ही चॅनेलवर १२-१२ जीबी होऊन तोल राहील. मात्र सगळ्या स्टिक सर्वांत मंद स्टिकच्या वेगाने चालतात. जुन्या २४०० च्या असतील तर नव्याही तेथेच थांबतील. म्हणून आधी फक्त नवी जोडी लावून हंगामाचे काम करून पाहा. दुकानदाराच्या सल्ल्याने एका चॅनेलवर १६ आणि दुसऱ्यावर जुन्या दोन मिळून ८ असे केलेस तर संगणक चालेल, पण १६ जीबीपुरतेच दोन्ही चॅनेल मिळून काम करतील आणि उरलेली ८ एकाच चॅनेलवर राहील. ३२०० च्या स्टिकसाठी जास्त पैसे देऊ नकोस. तुझा बोर्ड बी-३६० चिपसेटचा (बोर्डाचा कारभार सांभाळणाऱ्या चिपचा) आहे आणि तो २६६६ च्या पुढे जात नाही. डीडीआर३ चुकूनही घेऊ नकोस. तिच्या पिना २४० आणि डीडीआर४च्या २८८, खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे ती बसतच नाही.

बसवताना वीज बंद करून वायर काढ आणि पॉवरचे बटण काही क्षण दाबून ठेव. थंडीत आपल्याकडची हवा फार कोरडी होते आणि अंगावर स्थिर वीज साठते, तेव्हा आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लाव आणि स्टिक कडेनेच धर. स्लॉटमधली धूळ काढ. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब दे. क्लिप आपोआप बसल्याचा आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा सुरू करताना पडदा थोडा वेळ काळाच राहू शकतो, घाई करू नकोस. तरीही चालू झाला नाही तर एका वेळी एकच स्टिक प्रोसेसरकडून दुसऱ्या क्रमांकाच्या स्लॉटमध्ये लावून तपास.

त्यानंतर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि संगणकाची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये दोन्ही चॅनेल चालू आहेत का ते पाहून घे. आणि एक रात्र मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम अवश्य चालव, मात्र वीज जाणार नाही अशी रात्र निवड. सदोष रॅम फाईल गुपचूप बिघडवते, आणि तुझ्या कामात मुहूर्ताचा एक अंक बदलला तरी एका घरच्या कार्याचा घोळ होतो. त्या तपासणीत एकही चूक निघाली तर स्टिक बदलून माग.

पैसे देण्याआधी जुन्या स्टिकवरच्या लेबलचा आणि बोर्डावरच्या मॉडेल क्रमांकाचा स्पष्ट फोटो पाठव. त्या बोर्डाची पुस्तिका पाहून स्लॉटांचा क्रम मी तुला लगेच कळवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित,
लातूरचा मित्र