चुलीच्या धुराड्याचा खर्च

परळ, मुंबई

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

स्वयंपाकघरातल्या चुलीला धुराडे बसवायला किती खर्च येईल, असे बाबांनी फोनवर विचारले होते आणि आईने लगेच ‘उगाच पैसे घालवू नका’ म्हणून विषय संपवला होता. मला तो संपवायचा नाही. घरात गॅस असला तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच होतात, हे मी गृहीत धरले आहे. आईने चूल सोडावी असा माझा आग्रह नाही. तिचा खोकला मात्र डॉक्टरांनी धुरावर बोट ठेवूनही तसाच चालू आहे, म्हणून हा हिशेब नीट मांडून पाठवते आहे.

गावातल्या गवंड्याने सांगितलेले पाच-सहा हजार सिमेंटच्या नळीचे आहेत. १९८०च्या दशकात सरकारी योजनेतून निर्धूर चुली आल्या, तेव्हा अशाच नळ्या सर्रास लावल्या जात. त्या सिमेंटमध्ये अॅस्बेस्टॉस असते, ते कापताना किंवा नळी तडकल्यावर त्याचे तंतू हवेत मिसळतात आणि फुप्फुसांना कायमची इजा करतात. धुराचा त्रास टाळण्यासाठी तसली नळी घरात आणणे मला पटत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची नळी स्वस्त पडते, पण चुलीजवळच्या उष्णतेने मुलामा सुटतो आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत मग गंज चढायला वेळ लागत नाही. म्हणून मी गुलालवाडीत जाऊन ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची चौकशी केली.

बाबांनी दोरीने मोजून सांगितल्याप्रमाणे चुलीपासून कौलांपर्यंत नऊ फूट आहेत आणि तिथून आढे आडव्या अंतराने पाच फुटांवर, सुमारे तीन फूट उंच आहे. धुराड्याचे तोंड छपरातून बाहेर पडते तिथून निदान तीन फूट वर हवे, शिवाय दहा फुटांच्या आत छपराचा जो भाग सर्वांत उंच असेल त्याहूनही ते दोन फूट वर असावे, असा नियम आहे. नाहीतर पावसाळी वारा आढ्यावरून खाली वळतो आणि धूर परत घरात लोटतो. म्हणजे आपली नळी चौदा फुटांची झाली. सहा इंच व्यासाची, ०.८ मिलिमीटर जाडीची नळी धरली तर त्यातल्या अकरा फुटांचे वजन सांध्यांसकट अकरा किलोच्या आसपास भरते आणि घडवून देण्याचा ४५० रुपये किलो हा भाव लावला तर तिचे पाच हजार होतात.

उरलेले तीन फूट छपरातून जाणारे, आणि खरा खर्च तिथेच आहे. एकेरी नळीपासून लाकूड दीड फूट तरी दूर हवे, पण आपले वासे इतक्या अंतरावर नाहीत. तेवढ्या भागात एकात एक अशा दोन नळ्या आणि मध्ये रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी तंतूंची लोकर), असा तुकडा करून घ्यावा लागेल; त्याचे साडेचार हजार. दोन रिपा कापून आडवा आधार देण्याचे काम सुताराचेच आहे, ते गवंड्यावर सोपवू नका. पाऊस न शिरणारी टोपी, कौलांवर बसणारी पत्र्याची झालर, पट्ट्या, वाऱ्यासाठी तारेचे ताण आणि काजळी काढायला खाली झाकण असलेला ‘टी’ आकाराचा जोड, या सगळ्यांचे चार हजार. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आपल्या श्रीवर्धन भागातल्या छपरांची काय गत झाली ते तुम्ही पाहिले आहे, म्हणून तारांच्या पैशात मी हात आखडता घेणार नाही. धातूवर अठरा टक्के जीएसटी धरून हा आकडा सोळा हजारांपर्यंत जातो. सुतार, गवंडी आणि गडी यांचे पाच हजार, वाहतुकीचे दीड हजार, विटा-मातीचे पाचशे आणि ऐन वेळच्या अडचणींसाठी दहा टक्के मिळवले, तर साधारण पंचवीस हजार रुपये होतात. ते मी देणार आहे, त्याबद्दल वाद नको.

आई, तुझ्या चुलीत थोडा बदल करावा लागेल. नुसती नळी लावून धूर जात नाही. जाळाचा मार्ग पुढच्या तोंडाखालून वैलाखाली, म्हणजे मागच्या तोंडाखाली, आणि तिथून नळीत असा बांधून काढावा लागतो, आणि दोन्ही तोंडांवर भांडे नीट टेकलेले असावे लागते. जळण घालायची जागा तशीच उघडी राहील, त्यामुळे निखारे पुढे ओढून भाकरी शेकता येईल. जळण मात्र सुकेच घाल, कारण ओल्या लाकडाने नळीत डांबरासारखा थर बसतो आणि तो पेट घेऊ शकतो. धुरावर टिकणारी माळ्यावरची आमसुले आणि बियाणे आता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागतील. धुराडे झाले म्हणून खिडकी बंद करू नकोस. जाळाला हवा लागते आणि ती मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो.

काम मे महिन्यात शाकारणीबरोबरच करावे असे मला वाटते. तेव्हा माणसे छपरावर असतातच, कौले उतरवायची मजुरी दोनदा पडत नाही आणि पहिल्या पावसाआधी झालरीचे सांधे पाणी ओतून तपासता येतात. नळीचे तुकडे तीन-तीन फुटांचे करून घेईन, म्हणजे ते आणणे सोपे जाईल. शिमग्याला येईन तेव्हा मापे पुन्हा घेऊन मगच ऑर्डर देईन. तोपर्यंत बाबांनी नळी जाईल त्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या वाशांमधले अंतर इंचांत मोजून कळवावे, सुताराला मेच्या पहिल्या आठवड्यासाठी सांगून ठेवावे आणि गवंड्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

तुमची लेक