प्रतिसाद बाकांवरून यावा

चर्चमधील लोकसहभागावरचा आपला रविवारचा लेख पटला, पण अपुरा वाटला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच उपासनेत सर्व भाविकांचा सजग, सक्रिय सहभाग मागितला. मुंबईतल्या मराठी मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) मात्र पुष्कळदा स्तोत्राचा प्रतिसाद, म्हणजे कडव्यांमधून लोकांनी गायचे ध्रुवपद, गायकवृंदच गातो आणि बाके गप्प राहतात. चाल उंच पट्टीत असते, शब्द समोर नसतात. लोक गाणार कसे? पट्टी दोन स्वर खाली घ्यावी, मिस्सेआधी पाच मिनिटे प्रतिसाद सर्वांकडून म्हणवून घ्यावा, शब्द ठळक टायपात छापावेत. बायबलमधले वाचन वाचकाच्या हाती आठवडाभर आधी द्यावे. ‘थेस्सलनीकाकरांस’ हे बायबलमधल्या पत्राचे नाव म्हणताना ऐनवेळी जीभ अडखळतेच. आणि व्हीलचेअरवरील वाचकासाठी खाली घेता येणारा माईक वेदीच्या पायऱ्यांच्या अलीकडेच ठेवावा.

– एक भाविक, वांद्रे, मुंबई