हे पत्र आत्यासमोर वाचू नका

पिट्सबर्ग,
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

आधी सगळं ठीक आहे हे वाचा, मग पुढचं. जेवते. वेळेवर जेवते. व्हिडिओवर गाल बसलेले दिसतात ते इथल्या ट्यूबलाइटमुळे. थंडी अजून पडलेली नाही, आणि पडली तरी जाकीट आहे, गेल्या हिवाळ्यातही मी मेले नव्हते. काल दूध आटवलं. जायफळ होतं, चारोळी नव्हती. चंद्र ढगात होता, तरी आम्ही तिघींनी खिडकीत उभं राहून प्यायलं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण रविवारी फोन लावला की मागे आत्या, दारात काकू आणि दादा गॅलरीत "नेटवर्क, नेटवर्क" करत. म्हणून टाइप करतेय. दादा, ऑफिसात प्रिंट काढ आणि न वाचता घरी दे. वाचणार आहेस, माहीत आहे.

मागच्या वेळी आई म्हणाली, "एवढं कर्ज काढून निबंध लिहायला गेलीस होय?" आई, एकच वर्ग आहे, आणि त्याची वेगळी फी नाही. पुढे आम्हाला वस्त्यांमध्ये जाऊन लोकांच्या आजारपणाच्या हकिगती लिहून घ्यायच्या आहेत. बाईंचं म्हणणं, दुसऱ्याचं लिहिण्याआधी एकदा स्वतःचं लिहून बघा, म्हणजे समोरच्याकडे काय मागतोय ते कळेल. यात चुकीचं काय आहे?

तर गृहपाठ असा: स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग निवडा, ७५० शब्द. मला वाटलं, हातचा मळ. शाळेत "माझा अविस्मरणीय प्रसंग" दरवर्षी लिहिलाय. पण तो गाईडातला, वर्गातल्या पन्नासही जणांनी त्याच नदीत त्याच बुडणाऱ्या मुलाला वाचवलेलं. आपण फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहिलं, नदीचं आत्मवृत्त लिहिलं, पंतप्रधान झालो तर काय करू ते लिहिलं; आपलं स्वतःचं काय, ते कुणी विचारलंच नाही. इथल्या पोरांना मात्र सवय असते. कॉलेजप्रवेशाच्या अर्जातच ६५० शब्दांत स्वतःबद्दल लिहावं लागतं. आपल्याकडे मार्क आणि सीईटी, विषय संपला.

बाईंनी सांगितलं, दहा प्रसंगांची यादी करा. त्यातले जे लोकांना वारंवार सांगितलेत ते खोडा, सांगून सांगून ते गुळगुळीत झालेत. ज्यात तुम्ही स्वतः नव्हता तेही खोडा. उरेल त्यातलं एक घ्या, आणि वर्षाचं नको, तासाभराचं घ्या.

माझा पहिला नंबर अर्थातच २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नाही, हे मी फळ्यावर लिहून दाखवलं. सगळ्यांनी आ वासला. मग बाबा, तुम्ही कालिन्याहून कुर्ला, सायन, हिंदमाता करत दुसऱ्या दिवशी दुपारी लालबागला कसे पोचलात, ते सगळं तुमच्याच चालीत सांगितलं, डबा डोक्यावर धरल्यासकट. बाईंनी विचारलं, "आणि तू कुठे होतीस?" घरी. पाच वर्षांची. "तुला काय आठवतं?" बशीत सांडलेलं मेणबत्तीचं मेण मी नखाने खरवडत होते, एवढंच आठवतं. बाकी सगळं तुमच्या तोंडून ऐकलेलं. खोडलं.

दुसरा आजोबांचा संप. १८ जानेवारी १९८२, अडीच लाख गिरणी कामगार. मी तर जन्मलेही नव्हते. खोडला, पण हा खोडताना जीवावर आलं, कारण इथे तो समजणारी माणसं आहेत. नदीपलीकडे होमस्टेडला पोलादाचा प्रचंड कारखाना होता, तो १९८६ साली बंद पडला. आता त्या जागी दुकानं, थिएटर, हॉटेलं आहेत आणि बारा चिमण्या तेवढ्या रांगेत उभ्या ठेवल्यात. फिनिक्स मिलच्या आवारात एक चिमणी आहे ना, तशा बारा. आजोबा असते तर म्हणाले असते, भोंगा कुठाय?

तिसरा दहावीचा निकाल. तो लिहायला घेतल्यावर माझा मलाच कंटाळा आला.

यादीत सगळ्यात खाली मी एकच शब्द लिहिला होता: पॉलिश.

आई, चिडू नकोस. आधी पूर्ण वाच. आपण लालबाग सोडून मुद्दाम दादरला गेलो होतो, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. पतपेढीच्या पायऱ्यांवर चपला काढताना तू म्हणालीस, "तू थांब इथेच, आत गर्दी असेल." गर्दी नव्हती. काचेतून दिसत होतं: तू, तो सोनार आणि एक शिपाई. डावी पाटली निघाली. उजवी अडली. शिपायाने बेसिनवरची साबणाची वडी आणून दिली, आणि तू भिंतीकडे तोंड करून हात चोळत राहिलीस. मी फोन काढला. कुणाचा मेसेज नव्हता. मी कॅलेंडर उघडून सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे महिने पुढे सरकवत बसले. बाहेर आलीस तेव्हा मनगटावर लाल वळ, आणि त्याच्या खाली कातडीचा पट्टा गोरा, पंचवीस वर्षं ऊन न लागलेला. "निघाली एकदाची," म्हणालीस. वडापाव खाल्ले. मग कासाराकडे हिरव्या बांगड्या भरल्यास, दोन्ही हातांत मिळून दोन डझन, मनगट दिसू नये म्हणून. संध्याकाळी काकूंनी विचारलंच. "पॉलिशला टाकल्यात." चौदा महिने झाले, त्या पॉलिशलाच आहेत.

आता इथली पद्धत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. नीट समजावून सांगते, कारण मला स्वतःला दोन आठवडे ती समजली नव्हती. प्रत्येकाने लिहिलेलं आधी सगळ्यांना वाटतात. मग खुर्च्या गोल मांडतात. ज्याचं लिखाण, त्याने तोंड उघडायचं नाही. अर्धा तास. बाकीचे त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलतात, पण नाव घेत नाहीत, "निवेदक" म्हणतात. म्हणजे मी समोर बसलेय, आणि ते म्हणणार, निवेदकाला इथे लाज वाटलेली दिसते. आणि मी खाली बघून टिपणं काढायची! आधी "लिहिल्याबद्दल आभार" म्हणायचं, मग चांगलं काय ते, मग काय कळलं नाही ते. आपल्याकडे कुणी समोरासमोर असं बोललं तर एक तर भांडण होईल, नाही तर चहा तरी होईल. इथे काहीच होत नाही. तास संपला की तीच माणसं दारात "सोमवारी भेटू" म्हणून जातात. एकीने तिच्या वडिलांच्या दारूबद्दल लिहिलं होतं. ते ऐकून सगळे स्वल्पविरामावर बोलले.

तर माझी पाळी आली. आई, तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. "आईची व्यक्तिरेखा ताकदीची आहे." तू व्यक्तिरेखा झालीस, अभिनंदन. साबण सगळ्यांना आवडला. दोन डझन बांगड्यांचं गणित मला पुढच्या वेळी समजावून द्यायचंय. मग ओहायोच्या एका मुलाने सरळ विचारलं, निवेदक आत का जात नाही? दुसरी म्हणाली, आईनेच नको म्हटलंय ना. तो म्हणाला, हो, पण आत गर्दी नाही हे तिला दिसतंय. दहा मिनिटं ते तुझ्या-माझ्यावरून वाद घालत होते आणि मी वहीत नुसत्या रेघा मारत होते. शेवटी मला बोलायची परवानगी मिळाली तेव्हा मी म्हटलं, शब्द ७९० झालेत, ४० कमी करते.

तुला आधी विचारायला हवं होतं. आठ परक्या माणसांनी वाचलं, तेव्हा तुला माहीतही नव्हतं. ती कुणी लालबागला येणार नाहीत, पण ते कारण होत नाही. शुक्रवारी अंतिम प्रत द्यायची आहे. तू नाही म्हणालीस तर मी मेणबत्तीचं लिहीन. खरंच लिहीन, एका रात्रीचं काम आहे.

आता पैशांचं. लायब्ररीतलं काम चालू आहे, आठवड्याला २० तास. त्याहून जास्त करायला इथे परवानगीच नाही, तेव्हा बाबा, "जास्त राबू नकोस" हे प्रत्येक फोनवर सांगायची गरज नाही. जानेवारीच्या तिकिटासाठी १ लाख १० हजार साठवले होते. ते मी काल दादाच्या खात्यावर पाठवले. दादा, थेट दादरला जा. ९० हजार मुद्दल आणि व्याज धरून भागेल, उरेल ते वरातीत उडव.

म्हणजे कळलं असेलच. लग्नाला मी येत नाहीये. दोन्ही जमत नव्हतं. वरमाई हिरव्या काचेवर उभी राहिली तर आत्या मांडवातच हिशेब मांडेल. करवली म्हणून मामाच्या छोटीला उभी करा, तिला कलश धरायचा कसा ते आधी शिकवा. वहिनीला मी वेगळं लिहिते. व्हिडिओ लावाल तेव्हा फोन कुणाच्या तरी हातात द्या, फुलदाणीला टेकवू नका, साखरपुड्यात मला तासभर पंखाच दिसला.

मावशीने आणलेल्या न्यू जर्सीच्या स्थळाबद्दल आत्ता काही विचारू नका. नाही, इथे कुणी नाही. असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? "काढू" हे उत्तर नाही.

तुमची,
मनू

ता. क. आई, उजवी घालतानाही साबण लाव, ओढू नकोस. आणि काकूंना सांग, पॉलिश होऊन आल्या.