शालीची किनार शिवण्याऐवजी विणून जोडावी

मा. संपादक, स. न.

आपल्या पुरवणीतील विणकामाच्या सदरात शालीची लेसची किनार वेगळी विणून नंतर सुईदोऱ्याने जोडण्याची पद्धत दिली आहे. ती सोपी खरी; परंतु शिवण लोकरीइतकी ताणली जात नसल्याने तिथे चुण्या पडतात, म्हणून दुसरी पद्धतही वाचकांपुढे यावी असे मला मनापासून वाटते.

शालीच्या कडेचे टाके बंद न करता विणकामाच्या सुईवरच ठेवावेत, त्यांच्या शेजारी किनारीच्या रुंदीपुरते नवे टाके घालावेत आणि शालीकडे येणाऱ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी किनारीचा अखेरचा टाका व शालीचा एक टाका एकत्र विणावा. अशा रीतीने किनारीच्या दर २ ओळींमागे शालीचा १ टाका संपत जातो आणि जोड जवळजवळ दिसतच नाही.

कोपऱ्यावर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते. तिथल्या प्रत्येक टाक्यात एकाऐवजी दोनदा जोड घेतली नाही, तर कोपरा आत वळतो आणि कितीही ओढला तरी सपाट बसत नाही. अनेक नमुन्यांत नेमकी हीच सूचना गाळलेली असते, हे खेदाचे आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या, अंगठीतून आरपार निघणाऱ्या तलम शाली धुतल्यावर किनारीचे एकेक टोक चौकटीला अडकवून वाळवत असत. त्याशिवाय जाळी उमलत नाही. ही माहिती कोपऱ्याच्या आकृतीसह पुढील सदरात द्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक